मिनिएचर मिसळ आणि तांबडा-पांढऱ्याची थाळी (१:१२): कट दुधाळ, शेव जाड, भाकरी पिवळी. काय करावं?

वाटीभर_कट

नमस्कार मंडळी. पॉलिमर क्लेमध्ये (ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी प्लास्टिकची माती) कोल्हापुरी जेवणाचे दोन संच करायला घेतलेत, दोन्ही १:१२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्शाएवढे. पहिला मिसळीचा: खोलगट डिश, वर शेव-फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, शेजारी कटाची वाटी आणि स्लाइस ब्रेड. (पाव सुचवू नका, गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.) दुसरा थाळीचा: सुकं मटण, तांबडा, पांढरा, ज्वारीची भाकरी, कांदा-लिंबू.

हाताशी आहे ते: फिमो ब्रँडच्या क्लेचे पांढरा, ट्रान्सलुसंट (अर्धपारदर्शक), पिवळा, लाल आणि चॉकलेटी रंग, पारदर्शक लिक्विड क्लेची बाटली, घरचाच छोटा ओटीजी ओव्हन, ब्लेड, सुया. क्ले लाटायला पास्ता मशीन नाही.

अडलंय कुठे:

१. लिक्विड क्लेत लाल अॅक्रेलिक रंग घालून कट केला की भाजल्यावर गुलाबीसर, दुधाळ दिसतो. बुडबुडेही येतात.
२. शेव हाताने वळली की गाठी वाटते.
३. भाकरी भाजताना पिवळी पडते, कडा तर करपतातच.
४. ट्रान्सलुसंटमध्ये भाजल्यावर आत चंद्रकोरीसारखे पांढरे डाग दिसतात.

भांडी कुठली घ्यावीत तेही सांगा. क्लेची वाटी करून चंदेरी रंग दिला तर ती स्टीलची वाटत नाही.

---

मापात_पाप_नको

आधी भांडं हातात घ्या, मग पदार्थाचं माप ठरवा. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. १:१२ म्हणून पदार्थ करून ठेवतात आणि मग बाजारात मिळेल त्या ताटलीत बसवतात. भातुकलीच्या स्टीलच्या किंवा पितळेच्या ताटल्या साधारण ५ सेंमीच्या आसपास असतात. खरं ताट ३० सेंमीचं धरलं तर हे प्रमाण झालं १:६. त्यात १:१२ ची भाकरी ठेवली की बिस्किट दिसते. भातुकलीचीच भांडी वापरायची असतील तर खालची सगळी मापं दुप्पट करा आणि निवांत राहा. पहिल्यांदा करणाऱ्याला मी तेच सांगेन, कारण १:६ मध्ये मटकीचा दाणा निदान चिमटीत तरी येतो.

१:१२ वरच ठाम असाल तर मापं अशी: ताट २५ मिमी, मिसळीची डिश १२ ते १३ मिमी, वाटी ७.५ मिमी, भाकरी १७ मिमी, ब्रेडचा स्लाइस ९ मिमी आणि जाडी १ मिमी, लिंबू साडेतीन मिमी. मटकीचा दाणा हिशेबाने ०.४ मिमी येतो आणि शेव ०.१७ मिमी. ही दोन मापं हाताने गाठता येत नाहीत. दाणा ०.६ आणि शेव ०.३ पर्यंत चालते, डोळा तेवढं माफ करतो.

२५ मिमीचं ताट कोल्ड्रिंकच्या अॅल्युमिनियम कॅनच्या पत्र्यातून होतं. कात्रीने २९ मिमीची चकती कापायची, कडा बारीक पॉलिश पेपरने घासायच्या (नाहीतर बोट कापलंच म्हणून समजा), २३-२४ मिमीच्या नाण्यावर मधोमध ठेवायची आणि उलटी-सुलटी न करता लाकडी काडीच्या बोथट टोकाने कडेकडेने फिरवत खाली वळवायची. एका दमात वळवलं तर पत्र्याला सुरकुत्या पडतात. चार-पाच फेऱ्यांत थोडं थोडं वळवा. वळवताना छपाईची बाजू वर ठेवा, म्हणजे ताट सुलटं केलं की ती खाली जाते. वाटीसाठी तोच पत्रा, पण ११ मिमीची चकती आणि पेनाच्या टोपणाचं गोल टोक. ही भांडी क्लेसकट ओव्हनमध्ये जातात, हा मोठा फायदा. प्लास्टिकची जात नाहीत.

क्ले धातूला आपणहून चिकटत नाही. भाजून झाल्यावर पदार्थ उचलून दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवा.

---

ओटीजी_काका

तिसरा आणि चौथा प्रश्न माझ्याकडे.

भाकरी पिवळी पडते ती बहुतेक तापमानामुळे. ओटीजीच्या बटणावर ११० लिहिलंय म्हणून आत ११० असतं असं नाही. छोट्या ओटीजीत तर कॉइल पेटते तेवढा वेळ तापमान वीस-तीस अंशांनी उसळतं आणि मग खाली येतं. ओव्हन थर्मामीटर घ्या, जाळीवर क्लेच्या अगदी शेजारी ठेवा आणि बटणापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा. फिमोला ११० अंश, अर्धा तास. प्रीमो ब्रँडची क्ले असती तर १३० अंश आणि दर ६ मिमी जाडीला अर्धा तास. दोन कंपन्यांची क्ले मिसळली असेल तर जिचं तापमान कमी तिच्याप्रमाणे जा, वेळ वाढवा.

पद्धत: कॉइलचं बटण फक्त खालच्या बाजूला. मधल्या जाळीवर एक ग्लेझ्ड टाइल. रिकामा ओव्हन टाइलसकट २० मिनिटं तापवायचा, म्हणजे टाइल उष्णता धरून ठेवते आणि चढउतार सौम्य होतात. काम टाइलवर थेट ठेवू नका, मध्ये साधा कागद घाला, नाहीतर बुडाला चकचकीत डाग येतो. वर अॅल्युमिनियम फॉइलचा तंबू, क्लेला न टेकणारा. पांढऱ्या आणि ट्रान्सलुसंट वस्तूंना तंबू हवाच. गडद वस्तू आधी भाजून घ्या, भाकरी आणि ब्रेड शेवटच्या खेपेला. तापमान हद्दीत असेल तर पॉलिमर क्ले कितीही वेळा परत भाजता येते, त्यामुळे सगळं एकदम उरकायची घाई नको.

कमी भाजणं हाही दोषच. करपायच्या भीतीने लोक दहा मिनिटांत बाहेर काढतात आणि महिन्याभरात कांद्याची चकती मोडते. दीड मिमीची एक पट्टी सोबत भाजा. पूर्ण गार झाल्यावर वाकवा. वाकली तर शिजली, कटकन तुटली तर परत आत. गरम असताना तपासू नका, गरम क्ले नेहमीच लवचीक असते.

ही क्ले म्हणजे पीव्हीसी. १७५ अंशांच्या वर गेली तर काळी पडते आणि जो धूर निघतो त्यात हायड्रोजन क्लोराइड असतो, डोळे आणि घसा झोंबतो. असं झालं तर ओव्हन बंद, खिडक्या उघड्या, आपण बाहेर. मायक्रोवेव्हमध्ये तर कधीच नाही. त्याच ओटीजीत घरचा केक होत असेल तर वस्तू फॉइलच्या दोन ट्रेमध्ये, एक उलटा एक सुलटा, कडा क्लिपने दाबून भाजा.

चंद्रकोरी: ट्रान्सलुसंटमध्ये मळताना ओलावा किंवा हवा अडकली की हे डाग पडतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी, त्यात घामेजलेले हात. शाडूची सवय असलेले लोक तर नकळत बोट पाण्यात बुडवतात. कुंभार गल्लीत ते बरोबर, इथे चूक. पॉलिमर क्लेला पाणी अजिबात लावायचं नाही. हात कोरडे करून मळा, पट्टी दुमडताना घडीची बाजू आधी दाबा म्हणजे हवा दुसऱ्या टोकाने निघून जाते. भाजून काढल्या काढल्या बर्फाच्या पाण्यात टाकलं तर ट्रान्सलुसंट थोडी जास्त स्वच्छ दिसते, डाग मात्र जात नाहीत.

---

तांबडा_जास्त

कटाचं आणि दोन्ही रश्श्यांचं सांगतो, जरा सविस्तर, कारण इथेच सगळी मजा आहे.

अॅक्रेलिक रंगात पाणी असतं. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते, तेच तुमचे बुडबुडे. लिक्विड क्लेत मिसळायला चित्रकाराचे ट्यूबमधले तेलरंग किंवा सॉफ्ट पेस्टलची पूड वापरा. दुकानात नुसतं पेस्टल मागितलं की ऑइल पेस्टल हातात ठेवतात, ते मेणचट असतात. आपल्याला कोरडा, खडूसारखा, ब्लेडने खरवडला की पूड पडणारा सॉफ्ट पेस्टल हवा. फळ्याचा खडू चालत नाही, त्यात रंग कमी आणि भुकटी जास्त. आणखी एक: खरी हळद आणि खरं तिखट घालून रंग आणायचा मोह होतो. आठ दिवस झक्क दिसतं, उजेडात ठेवलं की हळद उडून जाते आणि तिखट तपकिरी होतं.

दुधाळपणाची दोन कारणं: थर जाड, आणि भाजणं कमी. लिक्विड क्ले पॅकवर दिलेल्या कमाल तापमानाच्या जवळ भाजली तरच स्वच्छ होते. वाटीभर एकदम ओतली तर वरून झाली तरी आत धुकट राहते. म्हणून वाटी भरायची ती खालून वर, अपारदर्शकाकडून पारदर्शकाकडे.

कट असा करा. वाटीचा दोन तृतीयांश भाग साध्या क्लेने भरा: लाल २ भाग, चॉकलेटी १, ट्रान्सलुसंट १, पिवळा अर्धा. हा रंग वाळलेल्या विटेच्या जवळ जाईल, जाऊ द्या. वरचा पृष्ठभाग सुईने उकरून ओबडधोबड करा आणि भाजा. आता मसाला. भाजलेल्या तपकिरी-केशरी क्लेचा तुकडा बारीक किसणीवर किसा. ही कीस म्हणजे कांदा-खोबऱ्याचं वाटण. चिमूटभर कीस लिक्विड क्लेत, तेलरंगाचा टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका घालून कालवा, वीस मिनिटं झाकून ठेवा म्हणजे हवा वर येते, वरचे बुडबुडे सुईने फोडा. वाटीत अर्ध्या मिमीचा थर, भाजा, पुन्हा अर्ध्या मिमीचा, भाजा. काठापासून अर्धा मिमी खालीच थांबा.

मग तवंग. कटाचा जीव तवंगात, आणि तो पूर्ण पृष्ठभागावर सारखा नसतो. वाटीच्या काठाशी गोळा होतो, मध्ये थेंबाथेंबाने तरंगतो. यूव्ही रेझिनमध्ये (अतिनील प्रकाशात कडक होणारा पारदर्शक द्रव) अल्कोहोल इंकचा केशरी-लाल रंग अगदी पुसट घाला. सुईच्या टोकाने काठाला अर्धवट कडी आणि मध्ये लहानमोठे सहा-सात थेंब. दोन थेंब एकमेकांत मिसळू दिले तर उत्तम, तेलाचं तसंच होतं. मग यूव्ही दिव्याखाली. रंग जास्त झाला तर प्रकाश आत पोचत नाही, वरून कडक आणि खाली चिकट राहतं. आधीचा थर रेझिन लावण्यापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, क्लेच्या तेलकटपणावर रेझिन धरत नाही. हातमोजे घाला, खोली हवेशीर ठेवा. न वाळलेलं रेझिन कातडीला लागत राहिलं तर कायमची अॅलर्जी बसू शकते.

तांबड्यासाठी हेच, पण कीस कमी आणि रस्सा पातळ दिसायला हवा, म्हणजे खालचा अपारदर्शक भाग निम्माच. पांढरा रस्सा शुभ्र करू नका. नारळाचं दूध, तीळ-खसखस आणि मटणाचं पाणी मिळून रंग हस्तिदंती होतो. लिक्विड क्लेत पांढऱ्या पेस्टलची पूड आणि त्यात पिवळसर तपकिरीची नखभर पूड. तवंग बिनरंगी, तीन-चार बारीक थेंब बास. वर खड्या मसाल्याचा एखादा काळा कण.

सुक्या मटणाला: चॉकलेटी २, ट्रान्सलुसंट २, लाल पाव भाग. दोन छटा अर्धवट मिसळा म्हणजे धागे दिसतात. तुकडा कापू नका, तोडा. तोडलेल्या बाजूला मांसाचा पोत आपोआप येतो. एक-दोन तुकड्यांत हस्तिदंती क्लेची बारीक नळी घालून नळीच्या टोकाला सुईने भोक, झालं नळीचं हाड. भाजून मग लिक्विड क्ले आणि किशीत घोळवून परत भाजा.

---

चाळणवाली

शेवेला चाळण. मैदा चाळायची, पूर्ण स्टीलची, बारीक जाळीची. चहाची गाळणी चालते पण शेव जाड येते, ती गाठीसाठी ठेवा.

पिवळा ३, ट्रान्सलुसंट ३, पांढरा १, चॉकलेटी अगदी कणभर. यात दहाव्या भागाएवढी लिक्विड क्ले मळा, क्ले लोण्यासारखी मऊ पाहिजे. आतल्या बाजूने अंगठ्याने जाळीतून दाबा. पलीकडे २-३ मिमी धागे आले की थांबा, धागे तोडायला जाऊ नका. चाळण तशीच्या तशी ओव्हनमध्ये, १५ मिनिटं. गार झाल्यावर ब्लेड आडवं ठेवून खरवडलं की कडक शेव गळते. ओली असताना काढली तर लगदा होतो, सगळ्यांचं तिथेच बिघडतं. ती चाळण नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

शेव एकाच रंगाची नको. पिवळी, थोडी केशरी, थोडी जास्त भाजकी अशा तीन खेपा काढून मिसळा. पापडी म्हणजे ०.३ मिमी पट्टी भाजून हाताने मोडलेली. पास्ता मशीन नसेल तर बाटलीच्या दोन्ही बाजूंना पत्त्यांची सारखी चळत ठेवून लाटा. एक पत्ता साधारण ०.३ मिमी.

मटकीचे दाणे फक्त वर दिसतील तेवढेच करा, पंधरा-वीस. खाली नुसती ओबडधोबड तपकिरी क्ले.

---

मापात_पाप_नको

ब्रेड आणि लिंबू राहिलं म्हणून परत आलो.

ब्रेडचा आधी लांबोडका ठोकळा: पांढरा ४, ट्रान्सलुसंट २, पिवळा-चॉकलेटी मिळून मोहरीएवढा. तीन बाजू सपाट, वरची किंचित फुगीर. त्याभोवती फिकट तपकिरी क्लेची ०.३ मिमी पट्टी गुंडाळा, जोड खाली. फ्रिजमध्ये १५ मिनिटं. गार असताना नव्या ब्लेडने १ मिमीचे स्लाइस कापा, प्रत्येक कापानंतर ठोकळा पाव वळसा फिरवा, नाहीतर एका बाजूने चेपत जातो. कापलेल्या बाजूला जुन्या टूथब्रशने टोचा, घासू नका. दोन-चार मोठी छिद्रं सुईने. कवचावर तपकिरी पेस्टल कोरड्या ब्रशने, वरच्या फुगीर बाजूला जास्त.

लिंबाचा केन (कुठेही आडवा कापला तरी तीच नक्षी दिसते असा क्लेचा लांब रूळ): पिवळ्या ट्रान्सलुसंटच्या जाड सळईला थेंबाचा आकार देऊन तिचे ८ तुकडे, प्रत्येकाला पांढऱ्याची पातळ पट्टी, टोकं आत करून गोल जुळवा, बाहेरून पांढरा थर, मग पिवळी साल. १५ मिमी जाडीचा केन करून मधून दाबत दाबत साडेतीन मिमीपर्यंत बारीक करा. दोन्ही टोकांचा सेंटिमीटरभर भाग वेडावाकडा निघतो, तो टाकायचाच. मिसळीची फोड हवी म्हणून चकतीचे चार तुकडे करू नका. गोल लिंबू वेगळं करून त्याची फोड कापा आणि कापलेल्या दोन्ही बाजूंना केनची अर्धी चकती बसवा.

भाकरीबद्दल काकांनी तापमान सांगितलं, घडण मी सांगतो. पांढरा ४, ट्रान्सलुसंट ४, चॉकलेटी आणि पिवळा प्रत्येकी मुगाएवढा. रंग किंचित राखाडी यायला हवा, मैद्याच्या पोळीसारखा नको. अर्धा मिमी लाटा, कॉर्नफ्लोअर लावून, कडा बोटाने कोरड्या दाबा म्हणजे आपोआप चिरतात. वर ०.२ मिमीचा पापुद्रा, मध्ये थोडा फुगवून, एका कडेला फाटलेला. फाटीतून आतली पोकळी दिसली की भाकरी तव्यावरची वाटते. डाग स्पंजच्या तुकड्याने, आधी तपकिरी पेस्टल, मग अगदी तीन-चार ठिकाणी काळा.

---

वाटीभर_कट

खूप आभार सगळ्यांचे. दोन शंका. यूव्ही दिवा नाही, उन्हात रेझिन होईल का? आणि थाळीच्या मागे चुंबक लावून फ्रिजवर लावायचा विचार आहे, तो भाजायच्या आधी बसवू की नंतर? शिवाय एकाने सांगितलं की फेव्हिकॉल-कॉर्नफ्लोअरच्या क्लेत हेच सगळं स्वस्तात होतं.

---

ओटीजी_काका

चुंबक नंतर. छोटे निओडिमियम चुंबक साधारण ८० अंशांच्या वर गेले की जोर गमावतात आणि आपण ११० ला भाजतोय. भाजण्याआधी त्याच मापाचा खळगा करून ठेवा, नंतर इपॉक्सीने बसवा. इन्स्टंट ग्लू ठिसूळ असतो, फ्रिजचं दार आपटलं की सुटतो.

वार्निश लावायचं तर पाण्यावर आधारित अॅक्रेलिकच. नेलपॉलिश आणि स्प्रे कॅनची वार्निशं टाळा, त्यातले द्रावक क्लेवर काम करत राहतात आणि काही महिन्यांनी पृष्ठभाग चिकट होतो. भाकरी-ब्रेडला काहीच लावू नका.

---

तांबडा_जास्त

उन्हात होतं, पण मे महिन्यातल्या दुपारी. पावसाळ्यात आठवडाभर सूर्य दिसत नाही, तेव्हा ४०५ किंवा ३६५ नॅनोमीटरचा नखांचा छोटा दिवा घ्या. उन्हात करणार असाल तर थेंब बारीक ठेवा आणि वर काचेचा ग्लास उपडा घाला, धूळ बसत नाही. बाटली मात्र सावलीतही उघडी ठेवू नका, खिडकीच्या उजेडानेही तोंडाशी घट्ट होते.

---

चाळणवाली

काकांना आणि तांबड्याला जोडून: रेझिन मला तवंगापुरतंच मान्य आहे. अख्खी वाटी रेझिनने भरणारे लोक आहेत, वर्ष-दोन वर्षांत उन्हाच्या भिंतीवरची वाटी पिवळी पडते आणि पांढरा रस्सा तर ओळखूच येत नाही.

फेव्हिकॉलच्या क्लेबद्दल: एक वाटी फेव्हिकॉल, एक वाटी कॉर्नफ्लोअर, दोन चमचे बेबी ऑइल, चमचाभर व्हिनेगर, मंद आचेवर गोळा सुटेपर्यंत ढवळायचं. फुलं, पानं, मोठी फळं यांना छान. पण ती वाळताना आक्रसते, वाटीत भरलेली असेल तर कडेने सुटून भेग पडते. आपल्याकडच्या पावसात परत मऊ पडते, बुरशीही धरते. ब्रेडचा मोठा ठोकळा किंवा ताटाखालचं टेबल त्यात करा. कांदा, लिंबू, शेव पॉलिमरमध्येच.

आणि कच्ची पॉलिमर क्ले कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका. क्लेला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर त्या डबीचं पॉलिस्टायरीन खातो, डबी आणि क्ले एकमेकांना चिकटून बसतात. झिपच्या पिशवीत घालून तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेल्या डब्यात ठेवा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तर नकोच, आणि ऑनलाइन मागवायची असेल तर फेब्रुवारीतच मागवा. तापलेल्या कुरिअर गाडीतून आलेली क्ले अर्धवट शिजलेली निघते, मळली की भुगा होतो. थोडीच घट्ट झाली असेल तर दोन-तीन थेंब लिक्विड क्ले घालून सावरते. आत कडक गुठळ्या लागल्या तर ती किसणीवर घाला, वाटणाच्या किशीला उपयोगी पडेल.